आतड्याच्या पडद्याला पत्रिका

आमच्या चिंचेवाडीत लग्नाचं आमंत्रण नुसतं माणसाला देऊन भागत नाही, त्याच्या अवयवांना वेगळं द्यावं लागतं. ज्या अवयवाला पत्रिका नाही तो लग्नाला येत नाही. माणूस येतो, अवयव घरी बसतो. मागच्या वैशाखात दिनकरमामांच्या पित्ताशयाला कुणीतरी फोनवरच उरकलं. ते रुसलं. मामा पित्ताशयाशिवाय आले, तुपाला हात न लावता कोरडा भात जेवले आणि गेले. कुणी काही विचारलं नाही, कारण चूक कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं.

पद्धत सोपी आहे. हृदयाला एक पाकीट, यकृताला एक, प्लीहेला एक. मूत्रपिंडं दोन म्हणून पाकिटं दोन. दोघांना एकाच पाकिटात बसवायला गेलेल्या एका घराची सोयरीक मोडलेली आहे. जठराला पाकीट आणि वर तोंडी आग्रहही लागतो. ऊती म्हणजे गल्लीतली माणसं, त्यांना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लावली की पुरे. आणि पडद्यांना पत्रिका नसते. फुप्फुसाच्या पाकिटावर 'सहपरिवार' लिहिलं की फुप्फुसावरचा पडदा त्यात आला. हृदयावरचा हृदयाच्या पाकिटात आला.

हे सगळं आण्णांच्या वहीत आहे. आण्णा माझे थोरले चुलते. वडील गेल्यापासून घराचे निमंत्रक तेच. आईचं नाव पत्रिकेत येत नाही, कारण वडील नाहीत. घर ती चालवते, पण ती गोष्ट वेगळी, असं आण्णा म्हणतात. ती कशी वेगळी ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांना ते माहीत असेल असं मला वाटत नाही. वही त्यांच्या वडिलांची. पुठ्ठा फाटलेला, आत एक्केचाळीस अवयव ओळीनं, पुढं शेरे. 'लहान आतडं : स्वतंत्र पत्रिका. मोठं आतडं : स्वतंत्र पत्रिका. दोघांत वाद आहे, शेजारी बसवू नये.' अशा वहीवर आमची भावकी गेली साठ वर्षं लग्नं लावत आली आहे.

माझ्या सख्ख्या बहिणीच्या, कस्तुरीताईच्या, लग्नाची पाकिटं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दीड वर्ष नर्सिंगला होतो आणि मग सोडलं. का सोडलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. आमचे सर वीस वर्षांपूर्वीच्या नोट्स वाचून दाखवायचे. मी एकदा उठून म्हणालो की नवीन पुस्तकात हे असं नाही. त्यांनी मला बाहेर काढलं. मी बाहेर गेलो आणि आत यायचं राहून गेलं. तेव्हापासून गावात मला सगळे डॉक्टर म्हणतात. "काय डॉक्टर, म्हस दवाखान्यात न्यावी का घरीच बघता?" असं. फक्त ताईनं कधी म्हटलं नाही. ती म्हणाली होती, "सोडलंस ना? मग जेव आता." माझ्या बाजूनं त्या घरात बोललं गेलेलं ते एकच वाक्य.

ताईचं लग्न धैर्यशील खराडेशी ठरलं होतं. तळेवाडीचा, शाळेत ड्रॉइंग शिकवतो. दोघांनी आपापलं आधी ठरवलं होतं आणि नंतर ते थोरांनी ठरवल्यासारखं दाखवलं. त्यासाठी त्यांना तीन वर्षं लागली. म्हणून हे लग्न मोडायला नको होतं. बाकी लग्नांचं काहीही होवो.

नवऱ्याची पाकिटं त्याच्या समोर लिहायची असतात. धैर्यशील आमच्या सोप्यात, पुढच्या ओसरीवर, पाटावर बसला होता, आण्णा वहीतून सांगत होते, मी लिहीत होतो. एक्केचाळीस झाल्यावर मी म्हणालो, "आण्णा, एक राहिला. आंत्रबंध."

"त्यो कोण?"

"आतडी पोटाच्या मागच्या भिंतीला धरून ठेवतो तो. आधी पडदा म्हणायचे. नव्या पुस्तकात त्याला अवयव म्हटलंय."

"पडदाच हाय की मग."

"अवयव आहे."

"हे बघ इंद्या," आण्णांनी वही मिटली, "पडद्याला पत्रिका द्यायची म्हटल्यावर उद्या कानाचा पडदा येईल, मेंदूवरचा येईल. परवा भटजींचा अंतरपाट म्हणंल, मी बी पडदाच हाय, मला का न्हाई? दीड वर्षात शाळा सोडून आलेल्यानं वहीला शिकवू नये."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. धैर्यशील खाली बघत बसला होता. त्याच्या पोटात आंत्रबंध हे सगळं ऐकत होता, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आणखी एक पद्धत सांगायची राहिली. घरच्यांना पत्रिका नसते. घरचे किती, हे देवक बसवताना ठरतं. देवकापुढं माणशी एक विड्याचं पान मांडतात. आमची सात मांडली : आण्णा, काकी, त्यांचा मुलगा बंटीदादा, वहिनी, आई, ताई, मी. एकदा देवक बसलं की पान वाढवता येत नाही.

लग्न माळावरच्या कार्यालयात, मुहूर्त बारा सदतीसचा. साडेनऊला वऱ्हाडाची बस आली. सगळे उतरले, शेवटी धैर्यशील उतरला. मुंडावळ्या बांधलेल्या, शेरवानी घातलेली, आणि दोन्ही हातांनी पोट खालून धरलेलं, कळशी धरतात तसं.

"काय झालं जावईबापू?" काकींनी विचारलं.

"आतडी खाली आलीत सगळी," धैर्यशील म्हणाला. "धरून उभा आहे."

त्याचे वडील नाना खराडे पुढं आले. शांत माणूस, पण टोपी सरळ केली की समजावं. त्यांनी टोपी सरळ केली. "आतड्याचा पडदा आला न्हाई. सकाळी बसमध्ये चढताना म्हणाला, मला पत्रिका न्हाई. उतरला आणि सोप्यात जाऊन बसला. आम्ही काय म्हणणार? खरंच न्हाई."

"पडद्याला नसतीच पत्रिका," आण्णा म्हणाले.

"असंल. पण मग हार कसा घालायचा ह्यानं?"

हा प्रश्न बरोबर होता. हात सोडला की आतडी सुटत होती. पट्टा बांधून बघितला, आतडी पट्ट्याच्या वरून उतरली. बंटीदादा म्हणाला, मी मागनं धरतो. भटजींनी पंचांग बघितलं, उगाचच, कारण पंचांगात असलं काही नसतं, आणि सांगितलं, "अंतरपाटापाशी नवरा आणि नवरी. पोट धरणारा तिसरा माणूस चालत नाही. मग ते लग्न तिघांचं होतं."

"मुहूर्त पुढं ढकला," कुणीतरी म्हणालं.

"आज दुसरा नाही. पुढं पाच महिने नाहीत."

नाना खराडेंनी पुन्हा टोपी सरळ केली. "पाच महिने थांबायचं, तर आम्ही थांबणार न्हाई. बस उभी हाय."

ताई खोलीच्या दारात हिरवा चुडा घालून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मोटरसायकलची किल्ली घेतली. पत्रिका द्यायचा अधिकार निमंत्रकालाच, म्हणून आण्णांना मागं बसावं लागलं. अठरा किलोमीटरमध्ये ते एकच वाक्य बोलले, "तुझ्या तोंडानं झालंय हे." ते खरं होतं. पण अर्धंच खरं होतं, आणि आमच्या घरात दुसरं अर्धं सांगायला मोठं वय लागतं.

आंत्रबंध खराडेंच्या सोप्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. पिवळसर, ओलसर, अंगभर बारीक शिरांची जाळी. मुळाशी जेमतेम वीतभर, पण कड चुण्याचुण्यांची, निऱ्या घातल्यासारखी. ती सगळी उलगडली असती तर फाटकापर्यंत गेली असती. त्याच्यापुढं कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला होता. त्याला हात लावलेला नव्हता.

"या," तो म्हणाला. रागावलेला वाटला नाही. मला त्यानंच जास्त गोंधळल्यासारखं झालं.

आण्णा समोर बसले. "आपण पडदा."

"असेन."

"मग आपण सहपरिवारात आलात की. वेगळी पत्रिका कशाला?"

"कुणाच्या परिवारात?"

"आतड्याच्या."

"कुठल्या? लहान की मोठ्या? दोघांना स्वतंत्र पत्रिका दिल्यात तुम्ही."

आण्णांनी वही काढली, पान उघडलं, शेरा वाचला, पुन्हा वाचला. "दोघांत वाद हाय," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," आंत्रबंध म्हणाला. "दोघांनाही मीच धरलंय. एकाच्या परिवारात गेलो तर दुसरं सुटतं. तुम्ही लिहून द्या, कुणाच्यात जाऊ. मी जातो."

आण्णा लिहू शकत नव्हते. वहीत नव्हतं.

"मग मला अवयव म्हणून लिहा."

"ते जमणार न्हाई. आजवर भावकीत कुणी दिलेली न्हाई. तुम्हाला दिली की मागच्या साठ वर्षांतले सगळे उठतील, आम्हाला का न्हाई म्हणून. मी काय उत्तर देऊ?"

"चूक झाली म्हणा," मी म्हणालो.

"तू गप."

आंत्रबंध माझ्याकडे वळला. त्याच्या चुण्या सावकाश हलल्या. "मी अवयव आहे असं तूच म्हणालास ना? त्या दिवशी?"

"हो."

"त्याआधी मी सव्वीस वर्षं गप होतो. मला वाटायचं मला तिथं बांधून ठेवलंय. तू म्हणालास तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बांधणारा मी आहे की काय. तेव्हापासून झोप नाही. मी नक्की काय आहे?"

"पुस्तकात अवयव लिहिलंय."

"पुस्तक पूर्ण वाचलंस?"

"नाही."

"परीक्षा दिलीस?"

"नाही. सोडलं मी."

"मग तुला खात्री नाही."

"नाही," मी म्हणालो. मला खोटं बोलता आलं असतं. पण तो इतक्या गंभीरपणे विचारत होता की खोटं सुचलंच नाही. "मला कशाचीच खात्री नाही. पण यांना आहे ती कुठून आली, तेही मला कळत नाही."

"शेंबूड पुसायची अक्कल न्हाई—" आण्णांनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा जरा," आंत्रबंध म्हणाला. आण्णांना आयुष्यात कुणी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून ते थांबले.

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. मला दारातली ताई दिसत होती. बस उभी होती. मी म्हणालो, "पाहुणा म्हणून यायला पत्रिका लागते. घरच्याला लागत नाही. तुम्ही आमच्या घरचे म्हणून चला."

"मुलीकडचा?"

"हो."

आंत्रबंधानं विचार केला. "तुमचं देवक बसलंय?"

"काल बसलं."

"किती पानं?"

"सात."

"पान शिल्लक आहे?"

आण्णा हसले. त्यांना वाटलं, इंद्या सापडला. देवकातलं पान उठवणं म्हणजे जिवंत माणसाला घरातून उठवणं. असं कुणी करत नाही.

"माझं आहे," मी म्हणालो.

आण्णांचं हसू जिथं होतं तिथंच राहिलं.  आंत्रबंधानं तांब्यातलं पाणी घेतलं आणि तो उठला.

येताना आम्ही तिघं एकाच मोटरसायकलवर. मी पुढं, मधे आंत्रबंध घडी घालून, मागं आण्णा. ओढ्याच्या वळणावर खडी होती. गाडी घसरली आणि आण्णा मागच्या मागं जायला लागले. आंत्रबंधानं त्यांना धरलं. 

कार्यालयात पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. भटजींनी देवकासमोरचं माझं पान उचललं, पुसलं आणि आंत्रबंधाच्या नावानं पुन्हा ठेवलं. तो धैर्यशीलच्या पोटात शिरला. धैर्यशीलनं एक हात सोडून बघितला, मग दुसरा सोडला. नाना खराडेंनी टोपी काढून टेबलावर ठेवली. हे त्यांचं हसणं.

आता मी घरचा नव्हतो. घरचा नाही म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला पत्रिका लागते. मांडवात विनापत्रिका उभं राहता येत नाही.

"लिहा की मग," मी आण्णांना म्हणालो.

त्यांनी लिहिली. हे मान्य केलं पाहिजे की त्यांनी लिहिली. वही मांडीवर, पेन माझंच, एक्केचाळीस पाकिटं आठ मिनिटांत. चिरंजीव इंद्रजित नलवडे यांचं हृदय. यांचं यकृत. यांचं डावं मूत्रपिंड. अक्षर इतकं घाईचं की प्लीहेनं वाचून घेतलं, नाहीतर तीही गेली असती. माझ्या जठराला त्यांनी तोंडी आग्रहसुद्धा केला. "जेवून जायचं," म्हणाले, दुसरीकडे बघत. चुलत्याच्या तोंडून पाहुण्यासारखा आग्रह ऐकताना विचित्र वाटलं, पण जठराला बरं वाटलं.

"एक राहिलं," मी म्हणालो.

"कुठलं?"

"तुम्हाला माहीत आहे."

आण्णांनी पेनाचं टोपण लावलं. "पडदा हाय त्यो," ते म्हणाले.

माझ्या आंत्रबंधानं हे ऐकलं. त्या दिवशी सोप्यात झालेलं सगळंही त्यानं ऐकलं होतंच, माझ्यातच तर होता. तो उठला. भांडला नाही. गर्दीतून वाट काढत, लोकांच्या चपला ओलांडत, गेटमधून बाहेर पडला आणि घराच्या दिशेनं चालायला लागला. मी स्वतः त्याला पत्रिका लिहू शकलो असतो, हातात पेनही आलं असतं. पण स्वतःला स्वतः आमंत्रण देता येत नाही.

मी दोन्ही हातांनी पोट धरलं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या, माझे हात रिकामे नव्हते. आई जरा लांब उभी होती. विधवा बाईनं पुढं यायचं नसतं, हेही त्या वहीत कुठंतरी असणार. ती तिथून हळूहळू माझ्याजवळ सरकली आणि दर 'सावधान'ला दोनदा अक्षता टाकायला लागली. एकदा तिच्या, एकदा माझ्या.

अंतरपाट खाली आला. ताईनं हार घातला. धैर्यशीलनं दोन्ही हात उचलून हार घातला. टाळ्या झाल्या. ताईनं गर्दीत मला शोधलं आणि हसली. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली आणि ती हसायची थांबली.

निघताना ती सगळ्यांच्या पाया पडली. माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "काय केलंस रे हे?"

"काय नाही. पान दिलं."

"मूर्खा."

तिनं वाकून माझं पोट खालून धरलं, हिरव्या चुड्याच्या हातांनी. "मी धरते. दोन मिनिटं सोड."

मी हात सोडले. खूप वेळानं मोकळे झाले होते. त्यांचं काय करायचं ते मला कळलं नाही. नाक खाजवलं. तिच्या केसांत अडकलेला तांदळाचा दाणा काढला. मग बसवाल्यानं हॉर्न दिला आणि मी पुन्हा धरलं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं. माझा आंत्रबंध पायरीवर बसला होता. कडेच्या चुण्या गोळा करून मांडीवर घेतल्या होत्या, धुळीत पडू नयेत म्हणून.

"लागलं का लग्न?"

"लागलं."

"जेवलास?"

"कसा जेवणार? हात मोकळे नव्हते."

"आत्ता तरी आत ये," असं मी त्याला म्हणालो नाही. मला अधिकार नव्हता आणि त्याला ते माहीत होतं. मी शेजारी बसलो. थोड्या वेळानं आई कार्यालयातून डबा घेऊन आली. तिनं आम्हा दोघांकडे बघितलं, आत गेली आणि ताट वाढून आणलं. मसालेभात, वांग्याची भाजी, दोन जिलब्या. ताट माझ्यापुढं ठेवलं. मग पदराच्या गाठीतून उरलेल्या अक्षता काढल्या, चारपाच दाणे असतील, आणि आंत्रबंधापुढं पायरीवर ठेवल्या.

"पत्रिका मला देता येत नाही," ती म्हणाली. "माझं नावच नसतं त्यात. पण पोरगं सकाळपासून उपाशी आहे."

आंत्रबंधानं अक्षतांकडे बघितलं. तो आत आला नाही. नियम तो नियम. तो माझ्या मागं येऊन बसला, दोन्ही बाजूंनी चुण्या पुढं आणल्या आणि बाहेरूनच माझं पोट धरलं.

मी हात सोडले आणि जेवलो.

तेव्हापासून तो बाहेरूनच धरतो. त्याला बसावं म्हणून मी शर्ट एक माप मोठा घेतो. आण्णा रोज संध्याकाळी सोप्यात वही घेऊन बसतात, बंटीदादाच्या मेव्हण्याचं लग्न आलंय. परवा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय असं बाहेर?"

"पत्रिका नाही," मी म्हणालो.

आण्णांनी मान हलवली आणि पुढचं पाकीट घेतलं.